आजोबांच्या वतीने

बुधवारी दुपारी जेवणं झाली की माझा फोन वाजतो. आधी एक छापील आवाजाची बाई सांगते की हे संभाषण गुणवत्तेसाठी ध्वनिमुद्रित केलं जाऊ शकतं. कोणाच्या गुणवत्तेसाठी, ते ती सांगत नाही. मग खरी मुलगी बोलते, "नमस्कार काका, कसे आहात?"

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या घरच्यांसाठी ही सोय आहे. भंडाऱ्याला ज्या डॉक्टरांनी आईला तपासलं, त्यांनीच चिठ्ठीच्या मागे नंबर लिहून दिला. "औषधांनी फार फरक पडणार नाही, पण यांच्याशी बोलत जा," म्हणाले. मला वाटलं, ते आईशी बोलतील. पण फोन आईसाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. त्यांच्या भाषेत मी 'काळजीवाहक'. आमचं घर शहापूरला, हायवेच्या जरा आत. हा शब्द ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा रस्त्यावरचे ट्रक आठवले.

पहिल्या फोनवर मुलीनं विचारलं, "कसे आहात?" मी सांगितलं की झोप कमी झाली आहे, संध्याकाळी जीव घाबरा होतो, कपडे ओले होतात, कधी कधी घरातली माणसं ओळखू येत नाहीत.

"काका, हे आजींचं झालं. मी तुमचं विचारतेय."

मी म्हणालो, बरा आहे. सगळी नोकरी वर्गात इतिहास शिकवण्यात गेली, हजारो प्रश्न विचारले आणि ऐकले. पण हा प्रश्न उत्तर ऐकायच्या तयारीनं कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं.

फोन मी गच्चीवर जाऊन घेतो. खाली आई खाटेवर बसलेली असते आणि वर मी तिच्या ओल्या कपड्यांबद्दल एका परक्या मुलीशी आवाज दाबून बोलत असतो. चहाडी केल्यासारखं वाटतं. जिना उतरतानाही मी पाय न वाजवता उतरतो. आई विचारते, "कोनाचा फोन होता, बाबू?" मी म्हणतो, "बँकेचा." बँकेचं नाव घेतलं की आमच्या घरात पुढचे प्रश्न थांबतात.

बायकोला मात्र सगळं माहीत असतं. "अजी, वर जा, तुमची पोरगी बोलावून राहिली," म्हणते. आईला आंघोळ तीच घालते, कपडे तीच बदलते. एकदा फोनवरच्या मुलीनं म्हटलं, काकूंशीही बोलू द्या. मी फोन खाली नेला. बायकोनं हात पुसले, स्पीकरकडे बघितलं आणि म्हणाली, "मले टाइम कुठी आहे बाई बोलाले? यायलेच विचार, हे रिकामे राह्यतात." तेव्हापासून काळजीवाहक म्हणून माझंच नाव आहे. वाहण्याचं काम दुसरीकडे चालतं.

नावावरून एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या दिवशी मुलीनं पूर्ण नाव विचारलं, तेव्हा मी माझं आणि वडिलांचं नाव सांगून थांबलो. "आडनाव, काका?" "एवढं पुरे," मी म्हणालो. ही सवय कॉलेजच्या दिवसांतली. शहरात खोली शोधायचो तेव्हा आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची आणि आडनाव सांगितलं की तिथे आदल्याच दिवशी कोणीतरी राहायला आलेलं असायचं. पुढे नोकरी लागली, शहापूरला घर बांधलं, भाड्याची खोली शोधायची गरज संपली. सवय राहिली. गंमत अशी, की दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या मंडपात मी स्वाभिमानावर बोलतो. समोर माइक असला की मी आडनावासकट ताठ असतो.

त्या भाषणात एक प्रसंग ठरलेला असतो, आणि लोकांनाही तोच हवा असतो. आईचं माहेर आसगावच्या बाजूचं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, नागपूरहून दीक्षा घेऊन आले. आल्यावर त्यांनी घरातले देव, शेंदूर लावलेले गोटे होते ते, स्वतःच्या हातांनी उचलले, टोपलीत घातले, टोपली डोक्यावर घेतली आणि गावच्या बोडीत, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या तळ्यात, बुडवून टाकले. ते चालत होते तेव्हा मागून त्यांची लहान मुलगी हसत हसत चालली होती. "आणि ती मुलगी," मी पहिल्या रांगेकडे हात करायचो, "आज इथे बसली आहे." टाळ्या पडायच्या. आई पांढऱ्या लुगड्यात मान खाली घालून बसलेली असायची. मग शाल, पुष्पगुच्छ, अध्यक्षीय समारोप. घरी येताना ऑटोत ती एकदा एवढंच म्हणाली होती, "तुह्यं भाषण लई लांबते."

हसत हसत, हे मी घातलं होतं. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. प्रसंगाला उठाव यायचा म्हणून.

आईचं विसरणं वाढत गेलं तसं संध्याकाळी तिला एक नवीन काम लागलं. ती घरभर काहीतरी शोधायची. गाद्या उचलायची, तांदळाच्या डब्यात हात घालायची, भिंतीवर कोनाडा असल्यासारखी तळहात फिरवायची. आमच्या घराला कोनाडे नाहीत. "देव कोठी गेले?" विचारायची. "बाबू, देव कोठी गेले?"

मी इतिहासाचा शिक्षक. मी सांगायचो. "आई, देव नाहीत आपल्याकडे. आजोबांनी बोडीत नेऊन टाकले, आठवते ना? तू होतीस ना तिथं." हे सांगताना माझा आवाज किती गोड आणि किती बरोबर असायचा, ते आठवलं की अजून कान गरम होतात. ती ऐकायची. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडायचा, जणू हे आत्ताच घडलं. मग ती दाराकडे बघून रडायला लागायची. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तसंच रडणं.

"आईले भाषण कायले देऊन राहिले?" बायको आतून म्हणायची.

मी हे बुधवारी फोनवर सांगितलं. आजी घरातले देव शोधतात, एवढंच सांगितलं. मुलीच्या आवाजात हुरूप आला. "काका, हे तर खूप सोपं आहे! त्यांना खोटं पाडू नका. त्यांच्या मनातल्या जगात तुम्ही जा. एक छोटासा देव्हारा करा त्यांच्या खोलीत. त्यांच्या कुलदैवताचा फोटो, समई, उदबत्ती. संध्याकाळी हलक्या आवाजात भजन लावा. आजींना आधार वाटेल."

मी गच्चीच्या कठड्याला टेकलो. खाली घरात बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याशेजारी निळ्या कोटातली तसबीर, दाराजवळ आजोबांची. आजोबांनी टोपली रिकामी केली, आणि आता मी बाजारात जाऊन ती भरून आणायची, फोनवरच्या सल्ल्यानं. मला राग आला. मग लक्षात आलं की रागवायला जागा नाही. मुलीला कसं कळणार होतं? कळावं अशी जी एक गोष्ट होती, ती मीच पहिल्या दिवशी सांगितली नव्हती.

"बघतो," मी म्हणालो. काही सांगितलं नाही. त्याही दिवशी नाही.

भजनाच्या जागी मी मोबाइलवर वंदना लावली. आई लगेच मांडी घालून बसली, हात जोडले, आणि सगळी पाली वंदना एकही शब्द न चुकता म्हणाली. नातवाचं नाव तिला आठवत नाही, पण हे सगळं आठवत होतं. माझे डोळे भरून आले. वंदना संपली, तिनं तसबिरीला नमस्कार केला, माझ्याकडे वळली आणि विचारलं, "देव कोठी गेले?"

त्या संध्याकाळी मी ओरडलो. "नाही आहेत देव! किती वेळा सांगू?" तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. मार चुकवायला लहान मुलं घेतात तसे. मी तिच्यावर कधी हात उचललेला नाही. पण ते हात खाली यायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी तिथे उभा होतो.

पुढच्या बुधवारी मी मुलीला आडनाव सांगितलं. का लपवलं तेही सांगितलं. मग टोपली, बोडी, आजोबा. छापील बाईच्या गुणवत्तेसाठी हेही ध्वनिमुद्रित झालं असेल.

"सॉरी काका," ती म्हणाली. "मी देव्हारा वगैरे… मला सुचलंच नाही की…"

"तुमची चूक नाही, ताई. मीच अर्धा पेपर दिला होता तुम्हाला."

"मग आता काय सांगू, मला खरंच कळत नाहीये. मॅडमना विचारते. पण थांबा, आमच्याकडे प्रश्नांचा एक कागद असतो, तो आपण पूर्ण केलाच नाही." पानं उलटल्याचा आवाज आला. ती वाचल्यासारखी बोलू लागली. "व्यक्ती एखादी वस्तू वारंवार मागत असेल, तर ती वस्तू हवी आहे, की ती नसल्याची भीती आहे?" मग तिच्या साध्या आवाजात, "म्हणजे काका, आजी देव मागतात का? की घाबरतात?"

'देव' या शब्दापुढे मी कधी ऐकलंच नव्हतं. तो शब्द कानावर पडला की माझं उत्तर सुरू व्हायचं.

त्याच संध्याकाळी मी आईच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसलो. आत स्वयंपाकघरात बायको उद्याचे तांदूळ पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. आईची शोधाशोध सुरू झाली.

"देव कोठी गेले?"

"काहून? काय झालं?" मी विचारलं.

ती थबकली. हे रोजचं उत्तर नव्हतं. "माय वावरातून येऊन राहिली ना. मारन मले."

तिची माय, माझी आजी. हलका, लवकर पिकणारा धान कापायचे दिवस असतील, आजी मजुरीला गेली असेल.

"तुले कायले मारन?"

"मले म्हणे, घर पाह्यजो. अन् मी देऊन देले." ती खाटेच्या काठावर टेकली. "बा म्हणे, मी टोपली धरतो, तू एकेक काढून दे. म्या काढून देले. शेंदूर लागला हाताले." तिनं तळहात लुगड्याला पुसले. पुन्हा पुसले.

माझ्या भाषणात आजोबा देव स्वतःच्या हातांनी उचलतात.

"मग माय आली, तेव्हा बा होता ना घरी?"

"बा कोठी घरी! तो लोकायच्या घरी गेलता. त्यायचे देव काढाले."

खरंच असेल. त्या दिवसांत आजोबांना कामं फार असणार. एकेका घरी जाऊन लोकांना धीर द्यायचा, टोपल्या डोक्यावर घ्यायच्या. आपल्या घरी रिकाम्या कोनाड्यासमोर शेंदूर लागलेल्या हातांची एक पोट्टी उभी आहे आणि तिची माय वावरातून येते आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल. माझ्याही आलं नव्हतं, आणि मला तर सगळं आयुष्य मिळालं होतं विचारायला. आजीला मी म्हातारपणी पाहिलं आहे. विहारात सगळ्यांच्या आधी जाऊन सतरंज्या अंथरणारी बाई. त्या संध्याकाळी तिनं काय केलं, ते तिलाही कधी विचारलं नाही. आईलाही आत्ता विचारवलं नाही.

आई माझ्याकडे बघत होती. रोज ती मला 'बाबू' म्हणते.

"बा," ती म्हणाली, "तू सांग ना मायले. तूच नेले म्हून सांग."

आजोबा या घराण्यातला एकच माणूस, ज्याच्याबद्दल मी कधी विनोद केला नाही. त्यांच्या आवाजात, त्यांच्या बायकोपुढे, त्यांच्या सगळ्यात मोठ्या कामाबद्दल आता मी कबुली द्यायची होती. आणि समोर एक म्हातारी मुलगी होती, जिचे हात पुन्हा डोक्याकडे निघाले होते.

"सांगतो," मी म्हणालो.

"आता सांग. माय आली, पाह्य." तिनं स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. सुपाचा आवाज येत होता.

मी तिकडे तोंड केलं. "देव म्या नेले," मी म्हणालो. "पोरीचा काही कसूर नाही."

"मोठ्यानं सांग ना. तिले आयकू येत नाही."

माझी भाषणं मंडपाच्या मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचतात. हे सहा-सात शब्द स्वयंपाकघरापर्यंतही पोचले नव्हते. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं, "देव म्या नेले! पोरीले काही म्हणू नको!"

सूप थांबलं. आता बायको बाहेर येणार, काय झालं विचारणार, आणि सगळं मोडणार, अशी मला धाकधूक झाली. मग आतून तिचा आवाज आला, "बरं. पोरीले जेवाले बसवा. भात झाला."

आई दाराकडे कान देऊन होती. "काही म्हटली नाही," ती हळूच मला म्हणाली.

"नाही म्हटली."

ती जेवली. नीट जेवली. वरणभात, वर वांग्याची भाजी मागून घेतली. झोपायला नेताना तिनं कोनाडा शोधला नाही.

भांडी आवरताना बायकोनं विचारलं, "मी बोलली ते बरोबर होतं ना जी?"

"हो."

"पण कोन होती मी?"

"आईची माय."

"बापा!" ती म्हणाली. "मग जरा रागानं बोलाले पाह्यजे होतं."

तेव्हापासून हे रोजचं झालं आहे. आई दुसऱ्या दिवशी विसरते, तिची माय पुन्हा वावरातून यायला निघते, आणि मी पुन्हा स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगतो. बायको आतून उत्तर देते. कधी तव्यावर पोळी असली तर नुसतं "हो, हो" म्हणते, तेही चालतं. आईचं रडणं थांबलं. मला मात्र आजोबांच्या तसबिरीपुढून जाताना आता मान वर करता येत नाही. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात ताठ सकाळ मी रोज दिवेलागणीला कबुलीजबाबात घालतो. त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. त्यांनी ते केलं नसतं, तर मी शाळेतही गेलो नसतो. हे सगळं मला माहीत आहे, आणि तरी रोज संध्याकाळी मी त्यांच्या वतीने बोलतो, कारण ती मुलगी सत्तर-एक वर्षं त्यांची वाट बघत होती. दोन्ही खरं आहे. दोन्हींपैकी कोणाकडे तोंड करून उभं राहायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

फोनवरच्या मुलीला मी सांगितलं, तेव्हा ती आनंदानं जवळजवळ ओरडली. "काका, किती सुंदर! आमची मोठी मीटिंग आहे, राज्यभरातले लोक येणार आहेत. नाव न सांगता मी ही गोष्ट तिथे सांगू का? स्लाइडवर?"

मंडप मला डोळ्यांपुढे दिसला. पहिली रांग दिसली.

"नको, ताई."

"ओके, काका. अगदी बरोबर." मग म्हणाली, "पण तुम्ही कसे आहात?"

मी म्हणालो, मला वाईट वाटतं. कशाचं, तिनं विचारलं. मी सांगायला लागलो, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मी आवाज दाबलेला नाही. खाली आईनं ऐकलं असेल तर ऐकलं असेल.

परवा एक गोष्ट झाली. मी माझं वाक्य म्हटलं, बायकोनं तिचं म्हटलं, भात वाढून झाला. आईनं पहिला घास घेतला आणि माझ्याकडे जरा संशयानं बघितलं.

"बा, मग तुले मारलं का मायनं?"

"मारलं," मी म्हणालो.

"कायनं?"

"खराट्यानं."

तिनं तोंडाला पदर लावला आणि हसली. खांदे हलेपर्यंत हसली. स्वयंपाकघरातूनही हसू ऐकू आलं. किती महिन्यांनी हे घर हसत होतं, आणि तेही आजोबांना खराट्यानं बडवून. मीही हसलो. हसता हसता वाटलं, की हे आता फारच झालं.

आईचं हसू ओसरलं. तिनं ताट बाजूला सरकवलं, उष्टा हात लुगड्याला पुसला आणि दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला. हळूहळू वरून खाली फिरवत राहिली.

"लई लागलं का?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "हो."